फक्कीने आखलेली नाव

आधी मामींचं सांगतो. पुढच्या गोष्टीत मामाच जास्त बोलतात. हौस मामांची, नाव मामांची, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटेल की सगळं मामांनीच केलं. तसं नाही. जे 'नाही' माझ्या तोंडून निघायला हवं होतं ते मामींनी आपल्या तोंडून काढलं, आणि त्याबद्दलचे टोमणे आजही त्याच ऐकतात.

मामा-मामी माझ्या नात्यातले नाहीत. मी समुद्राकाठचा, रत्नागिरीच्याही खालच्या अंगाचा. आठवीत शाळा सुटली. घरी मासेमारी, पण मला बोट लागायची. किनारा दिसेनासा झाला की पोटातलं सगळं बाहेर. मासे धरणाऱ्याच्या घरात असलं पोर म्हणजे गावाला फुकटची करमणूक. मग ट्रकवर क्लीनर झालो. एका फेरीत शहागडला पोचेपर्यंत ताप इतका चढला की मला बसता येईना. ड्रायव्हरने रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगच्या दुकानात मला झोपवलं आणि "येताना घेतो" म्हणून निघून गेला. तो काही परत आला नाही. दुकान मामांचं होतं. मागच्या खोलीतून मामी मऊ भात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "खाऊन घे बाबा, मंग सांग कुणाचा कोण ते." त्याला आता बरीच वर्षं झाली. मी तिथेच आहे. मामा ट्रकच्या बॉड्या जोडतात, मी फायबरचं आणि रंगाचं काम बघतो. फुटलेले बंपर, चिरलेल्या पाण्याच्या टाक्या, सगळं माझ्याकडे येतं.

मामांना नावेचं वेड लागलं ते मोबाईलमुळे. दुपारी काम नसलं की ते खाटेवर पडून बघत राहायचे. एकदा त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर परदेशातलं एक म्हातारं जोडपं होतं. शिडाची लहानशी नाव, तिला वर एक ठेंगणी खोली, खोलीत दोन बिछाने आणि एक शेगडी. बाई चहा गाळत होती आणि खिडकीतून काठ मागे सरकत होता.

"बघ, बघ," मामा म्हणाले. "घर चालून राह्यलंय पाण्यावर!"

खालच्या बंधाऱ्यामुळे आमच्याकडे गोदावरीला वर्षातले बरेच महिने पाणी भरून असतं. मामा जन्मभर त्या पाण्याकडे शेताच्या मोटारीचं पाणी म्हणूनच बघत आले होते. त्या दिवसापासून त्यांना त्यात रस्ता दिसायला लागला.

मग प्रश्न सुरू झाले. मी समुद्राकडचा, म्हणजे मला सगळं माहीत असणार, असं त्यांनी धरूनच टाकलं होतं. मला बोट लागते, म्हणून तर पळून आलो, हे मी शंभरदा सांगितलं होतं. त्याने काही फरक पडला नाही.

"वारा समोरून आला तर?"

"तिरकं जायचं मामा. एकदा इकडून, एकदा तिकडून. घाटात गाडी वळणं घेते तसं."

"आन् वारा पडला तर?"

"बसायचं."

"नुसतं बसायचं?" मामांना हे फारच आवडलं. "हितं ट्रकवाल्याला कुणी पाच मिनिटं बसू देतं का! वारा पडला, बसलो. कुणाचा फोन न्हाई, हॉर्न न्हाई."

मामी मागे गवार निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आन् संडासचं काय?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. मग आम्ही तिघंही हसलो. पण तो प्रश्न मी रात्रभर धरून होतो, कारण मामी विचारायच्या ते सगळं खरोखर लागणारं असायचं. झोपायचं कुठं? पाण्याचा हंडा ठेवायचा कुठं? नाव कलली की दूध सांडेल का?

शेवटी एके दिवशी जेवताना मामींनी अट घातली. "तुमाला पोहता येत न्हाई, मला येत न्हाई. मी रात्री त्या खोलीत निजायचं म्हणत असाल तर निवड हा करील. ह्यानं हो म्हणलं तर घ्या. न्हाई म्हणला तर विषय बंद."

"बिलकुल मंजूर," मामा म्हणाले.

माझा घास तोंडातच राहिला. हो म्हणावं आणि या दोघांना पाण्यात काही झालं तर? नाही म्हणावं तर मामांचं मन मोडणार, तेही त्यांच्याच ताटात जेवताना. ज्याला स्वतःचं घर जवळ असतं त्याला हे कळणार नाही. मी त्या घरात कधी मोठ्याने दारसुद्धा लावलेलं नव्हतं.

नावा शोधायला मी आणि मामा मोबाईल घेऊन बसायचो. जाहिराती इंग्रजीत. मी एकेक अक्षर लावायचो, मामा मोबाईलला मराठीत वाचायला सांगायचे, आणि दोघांचं मिळून काहीतरी तिसरंच निघायचं. नव्या नावांच्या किमती वाचून मामांनी एकदाच "अगायाई" केलं आणि जुन्यांकडे वळले. मग वरच्या धरणाच्या काठी राहणाऱ्या एका हौशी माणसाचा पत्ता लागला. नोकरीतून मोकळे झालेले गृहस्थ. त्यांच्याकडे खोलीवाल्या दोन जुन्या नावा होत्या आणि दोन्ही काढायच्या होत्या. एक एकोणीस फुटी, एक चोवीस फुटी. किंमत मामांना झेपण्यासारखी होती, कारण त्या भागात शिडाच्या नावेला दुसरं गिऱ्हाईक कोण! साहेबांनी मापं पाठवली.

आणि मामांनी फक्की आणली.

आमच्याकडे घराचा पाया खणायच्या आधी जमिनीवर पांढऱ्या फक्कीने खोल्या आखतात. बाई त्या आखलेल्या चौकोनात उभी राहून सांगते की चूल इथं नको, तिथं. फक्की मारली म्हणजे घर निम्मं झालं असं धरतात. मामांनी दुकानामागच्या रानात दोन नावा आखल्या. मी टेप धरला, ते चिमटीतून फक्की सोडत चालले. एका टोकाला निमुळत्या, दुसऱ्या टोकाला तोडलेल्या. खोली आखली, बिछाने आखले, शेगडीचा चौकोन आखला.

मामी आधी लहानीत शिरल्या. म्हणजे फक्कीच्या रेघेवरून पाय उचलून, जशी काही भिंतच आहे, अशा आत गेल्या. आडव्या झाल्या. "निजता येतंय की." मग मोठीत गेल्या. तिथं शेगडीपुढे उभं राहायला जागा होती. साहेबांनी लिहिलं होतं की बाईमाणूस आत ताठ उभं राहू शकतं. मामींनी हवेतच पातेलं उतरवलं, वळल्या, हवेतच कपबशी मांडली. "ही बरी हाय," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

समोरच्या चहावाल्याने कुंपणापलीकडून विचारलं, "काय मामी, कुठवर आलात?"

"तुझ्या टपरीवरनं पुढं गेलो आताच," मामी म्हणाल्या. "चहा गार होता, म्हणून थांबलो न्हाई."

मामांचं मोठीवर ठरल्यासारखंच झालं. ते एक दिवस मला घेऊन पुलावर गेले. डोलकाठी पुलाखालून जाईल का ते बघायचं होतं. दोरीला लोखंडी नट बांधून त्यांनी खाली सोडला. मागून ट्रक धडधडत चाललेले. आम्ही वाकून बघतोय म्हटल्यावर दोन मोटरसायकली थांबल्या.

"कोण पडलं?"

"कुणी न्हाई. उंची घेऊन राह्यलो," मामा म्हणाले.

"कशाची?"

"नावेची."

"कुठंय नाव?"

"यायचीय."

ते दोघंही वाकून खाली बघायला लागले. मग त्यातल्याच एकाने विचारलं की इतकी मोठी काठी आहे तर मग पुढे नदीवरून लाइटीच्या तारा गेल्यात त्याचं काय. मामा खूश झाले. त्यांना वाटलं, आता सगळा गाव विचार करायला लागला. आणि करायला लागलाच. आठवड्याच्या बाजारात लोक मला विचारायचे, जहाज कधी येणार?

मला मात्र एक गोष्ट सलत होती. मोठीच्या बुडाखाली कायमचं जड पातं होतं, चार फूट खोल. मी मामांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "चार फूट पाणी तर डोहात बाराही महिने असतंय." ते खरंच होतं. मग मला नेमकं काय सलत होतं ते मलाच सांगता येईना. लहानपणी पाहिलेल्या आमच्या होड्या सपाट बुडाच्या, ओहोटीला चिखलावर बसणाऱ्या. असलं पातं मी कधी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं.

आम्ही तिघं दुकानाच्या पिकअपमधून नावा बघायला गेलो. मामींनी भाकरी, ठेचा आणि माझ्यासाठी दोन लिंबं घेतली होती. "न जाणो, पाणी बघूनच तुला व्हायचं," म्हणाल्या.

साहेब भला माणूस. लहान नाव ट्रेलरवर होती. मोठी काठावर लोखंडी टेकूंवर उभी होती आणि तिला शिडी लावलेली होती. मामांनी बैलबाजारात फिरावं तशी दोन्हींभोवती एक चक्कर मारली. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फायबर वाजवून बघितलं. मडकं वाजवतात तसंच असतं ते. चांगलं असलं तर टणक आवाज, आत सडलं असलं तर भद्द. दोन्ही टणक वाजल्या. साहेबांनी विचारलं, "तुमचं काम आहे का हे?" मी म्हटलं, "टाक्यांचं करतो." तेवढ्याने माझे कान गरम झाले.

मामी लहान नावेच्या खोलीत वाकून शिरल्या आणि आतून आवाज आला, "अवं! हिची जमीन कुठं गेली?"

आम्ही डोकावलो. दोन बिछान्यांच्या मध्ये जेमतेम एक पाट बसेल एवढीच जागा होती. मामी एका बिछान्यावर आडव्या होत्या आणि त्यांचे दोन्ही पाय टोकाशी एकमेकांवर चढले होते. "आपल्या रानात तर मोकळं हुतं!"

साहेबांना काही कळेना. मामांनी त्यांना फक्कीचं सांगितलं. साहेब इतके हसले की त्यांना नावेला धरावं लागलं. "अहो, तुम्ही वरची रुंदी जमिनीवर आखलीत. नाव खाली निमुळती होत जाते."

आता यात आमची चूक तरी काय? आमच्याकडे जी भिंत फक्कीवर उठते ती सरळ वरच जाते. कुणी बुडाशी आवळलेलं घर बांधत नाही. पण टेप तर मी धरला होता. समुद्राकाठी वाढलो, नावेचं पोट कसं असतं ते रोज पाहिलं, आणि फक्कीच्या रेघेपुढे मीही सगळं विसरलो होतो.

"मंग मोठीच बघू," मामा म्हणाले. लहानी त्यांच्या मनातून उतरली होती.

मोठीवर मामी शिडीने चढल्या, मागोमाग मामा, आणि दोघं आत उतरले. मी खालीच राहिलो. वरून मामींचा आवाज येत होता, "हितं उभी ऱ्हाती मी! ताठ! बघा, पदर बी लागत न्हाई छताला." मामांना मान वाकवावी लागत होती, म्हणून मामी त्यांना हसत होत्या. एखादं कपाट उघडल्याचा, बंद केल्याचा आवाज. पुन्हा उघडल्याचा.

मी खाली त्या पात्याशी उभा होतो. माझ्या छातीला लागत होतं. सगळी नाव त्या एका पात्यावर आणि चार टेकूंवर होती. मला एकदम विचारावंसं वाटलं, "साहेब, हे टेकू काढले तर ही उभी राहील?"

"छे हो. आडवी पडेल."

तेव्हा मला कळलं मला काय सलत होतं. आमच्या बंधाऱ्याची गेटं कधी उघडतात ते आम्हाला कुणी सांगायला येत नाही. संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळी उतरलेलं असतं. डोह सोडून कुठे काठाला नाव लावून मामा-मामी निजलेत, पाणी निघून चाललंय, पातं चिखलाला टेकलंय, आणि नाव हळूहळू कलतेय. शेगडी, हंडा, माणसं, सगळं एका अंगाला. आणि मग वरून पुन्हा पाणी सोडलं तर ते आधी आतच शिरणार.

मामी खाली आल्या. मामा वरूनच ओरडले, "काय रे, बोल! हो ना?"

मामींनी माझ्याकडे बघितलं. "काय झालं?" त्या हळू म्हणाल्या. मी टेकूकडे बोट केलं. "मामी, गेट उघडलं तर..." एवढंच बोलू शकलो. त्या टेकूकडे बघत राहिल्या, मग पात्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं.

"जल्दी सांग की!" मामा.

मी तोंड उघडलं. शब्द निघायच्या आत मामी बोलल्या, "त्याला काय विचारता? मला इचारा. मला ही शिडी जमायची न्हाई."

"आता तर चढलीस की!"

"चढली. पाय लटलट कापून राह्यलेत. रोज कोण चढल? रद्द करा ही."

मामा वरतीच बसून राहिले, दोन्ही पाय खाली सोडून. बाजारात सगळ्यांना सांगून झालं होतं. पुलाची उंची घेऊन झाली होती. "तुझ्या पायापायी..." असं काहीतरी पुटपुटले. साहेब उगाच दोरी गुंडाळायला लागले. मामी माझ्या बाजूला उभ्या राहून पदराने घाम पुसत होत्या. मला म्हणायचं होतं की मामा, पाय नाही, मी आहे. पण मामींनी माझ्या मनगटाला हात लावला, तो 'गप' असाच होता. दुकानामागच्या पत्र्यावर कुरडया वाळवायला त्या उन्हाळाभर याहून उंच शिडी चढतात, तीही डोक्यावर पाटी घेऊन.

मग मामीच साहेबांना म्हणाल्या, "बैल जुंपून बघितल्याबिगर कुणी घेत न्हाई. ती लहानी पाण्यात घालून दावता का?"

ट्रॅक्टरने ट्रेलर पाण्यात लोटला. तिला पातं होतं, पण ते दोरीने वर ओढून घेता येत होतं, आणि बाकीचं वजन तिच्या बुडातच होतं. काठी साहेबांनी आणि मी मिळून उभी केली; बुडाशी बिजागरी होती. मामांचा चेहरा त्या बिजागरीपाशी थोडा उजळला. "म्हणजे पुलाखाली पाडायची आन् पुढं उभी करायची?" "अगदी बरोबर," साहेब म्हणाले. मामांनी ती दोनदा पाडायला लावली.

आम्ही चौघं नावेत बसलो, शीड वाऱ्याने भरलं आणि नाव एका अंगाला कलली. मामींनी माझा दंड धरला, मी लिंबू धरलं. "पडत कशी न्हाई ही?" मामींनी विचारलं. साहेबांनी सांगितलं की जितकी कलते तितकं बुडातलं वजन तिला मागे ओढतं. मामींनी मान डोलावली. थोड्या वेळाने त्यांनी माझा दंड सोडला आणि पाण्यात बोटं घातली.

मी साहेबांना म्हटलं, "काठाला लावा. उथळात. मुद्दाम."

त्यांनी पातं ओढून घेतलं आणि नाव चिखलावर सरळ घुसवली. खस्सकन आवाज झाला आणि ती बसली. सरळ बसली. मी खाली उतरलो, गुडघाभर पाण्यात. तिला हलवून बघितलं, एका बाजूने खांदा लावून बघितला, जरा डगमगून ती पुन्हा होती तशीच.

"ही घ्या," मी म्हणालो. माझ्या आवाजाचं मलाच नवल वाटलं. "मामा, ही आपल्या नदीची आहे."

मामांनी पातं सोडायची दोरी हातात घेतली, खाली सोडलं, वर ओढलं, पुन्हा सोडलं. लहान मुलाने नळ चालू-बंद करावा तसं. "बराबर हाय," ते म्हणाले.

ती नाव आता आमच्या काठाला असते. वारा पडला की मामा खरंच नुसते बसतात. मामी वाकून आत जातात, वाकूनच चहा करतात, आणि कप बाहेर देताना त्यांचा हात कमरेला जातो. मागे एकदा गेटं उघडली तेव्हा मी पहाटे धावत गेलो. नाव चिखलावर सरळ बसली होती आणि आत दोघं घोरत होते.

चहावाला अजून म्हणतो, "मामी, तुमच्या पायापायी आमचं मोठं जहाज बुडालं बगा." मामी म्हणतात, "बुडालं तर बुडालं, तू तुझी उधारी बघ." बाजारातही तेच. त्या कधी माझं नाव घेत नाहीत.

मी मामांना खरं सांगून टाकलं, एकदा दोघंच वाऱ्याची वाट बघत बसलो असताना. मामा हसले. "ती कुरडयाची शिडी काय मला दिसत न्हाई व्हय रे? त्याच दिवशी कळलं हुतं." मग जरा वेळाने म्हणाले, "पण मला राग काढायला कुणीतरी लागतंच की. तिनं स्वतःला पुढं केलं."

मामींना मी हे कधी बोललो नाही. बोललो तर त्या विषय बदलतील, जेवायला वाढतील. पण त्या मोठ्या नावेत त्या ताठ उभ्या राहिल्या होत्या, आणि ते कपाट त्यांनी दोनदा उघडलं होतं, हे मी खालून ऐकलेलं आहे. फायबर मला येतं. या लहानीच्या खोलीचं छप्पर कापून ते वर उचलता येईल असं करता येतं, असं साहेब म्हणाले. फक्त त्यातून पाणी गळलं नाही पाहिजे आणि ते वाऱ्यात उडालं नाही पाहिजे. दुकान बंद झाल्यावर मी टाक्यांच्या तुकड्यांवर तसला सांधा करून बघतो. दोन फसलेत. मामी, तुम्ही हे वाचणार नाही, पण लिहून ठेवतो: एक दिवस तुम्हाला आपल्या नावेत ताठ उभं राहून चहा करता येईल. तेवढं मी फेडीन.